मावशीची ओव्याची बाटली

परवा सांगलीला मावशीकडे गेलो होतो. एसटीच्या प्रवासाने पोट जरा बिघडलं होतं. मावशीने सवयीप्रमाणे "ओवा खा चिमूटभर" म्हणत फडताळातून एक बाटली काढून हातात दिली. पांढरी, जाड प्लास्टिकची, निळ्या झाकणाची. आमच्या घरातल्या बायका बाटल्या टाकत नाहीत हे तुम्हाला सांगायला नकोच. बोर्नव्हिटाच्या बरणीत तूरडाळ, हॉर्लिक्सच्या बरणीत साबुदाणा, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. ओवा तोंडात टाकला आणि सहज बाटली फिरवून बघितली, तर लेबल अजून शाबूत! पिवळं पडलेलं, तेलकट बोटांनी पुसट झालेलं, पण वाचता येत होतं. मा ह्वांग अर्क, त्यात इफेड्रिन जातीची द्रव्यं २० मिलिग्रॅम. ग्वाराना अर्क, त्यात कॅफीन २०० मिलिग्रॅम.

ओवा घशात अडकायचा तेवढा राहिला. ही बाटली मीच पाठवली होती. २००२ साली.

तेव्हा मी न्यू जर्सीत एका प्रोजेक्टवर होतो. मावशीच्या धाकटीचं, म्हणजे छकुलीचं (घरातलं नाव आहे, तिला विचारूनच लिहितोय) लग्न डिसेंबरात ठरलं होतं. तिची ईमेल आली, "दादा, तिकडे वजन कमी करायच्या गोळ्या मिळतात म्हणे, शालूत जरा बरी दिसेन." मी मॉलमधल्या व्हिटॅमिनच्या दुकानात गेलो, विक्रेत्या पोराला विचारलं, तो म्हणाला "नॅचरल आहे, वनस्पती आहे", आणि मी दोन बाटल्या घेतल्या. सांगलीला निघालेल्या एका मित्राच्या बॅगेत घालून दिल्या. झालं. भावाचं कर्तव्य पार पडलं.

पुढचं मला कळलं ते अठरा वर्षांनी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, एका व्हिडिओ कॉलवर. छकुली हसत हसत सांगत होती. तीन आठवडे गोळ्या घेतल्या, वजन थोडं उतरलंही. पण झोप उडाली, हात थरथरायला लागले, आणि हळदीच्या दिवशी छाती अशी धडधडायला लागली की तिला वाटलं आता आपण पडणार. घरातल्यांना वाटलं, लग्नाची धाकधूक. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला. चोवीस वर्षांच्या मुलीचा १६० वर १००. त्यांनी विचारलं काय काय घेतेस, आणि बाटली बघून आधी ते बंद करायला लावलं. मला कुणी कळवलं नाही, "तो एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर" म्हणून. दुसरी न फोडलेली बाटली कचऱ्यात गेली. पहिलीत ओवा आला.

ती हसत होती. मला हसता येईना. कारण मला आणखी एक गोष्ट आठवत होती, तिच्याकडे पुढे येतो.

माझं तेव्हाचं गृहीतक साधं होतं: अमेरिकेत, दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानात, झाकणाला सील लावून विकायला ठेवलंय म्हणजे कुणीतरी सरकारी माणसाने ते तपासलंच असणार. आपल्याकडे जडीबुटीवाल्याकडून काही घेताना आपण दहादा विचार करतो, पण तिकडच्या लेबलावर आपला केवढा विश्वास! तर हे गृहीतक किती खोटं होतं आणि का खोटं होतं, ते गेल्या काही वर्षांत जमेल तसं वाचत गेलो. त्याचीच ही गोष्ट. जरा लांबलीये, चहा घेऊन बसा.

मा ह्वांग म्हणजे इफेड्रा नावाचं झुडूप. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या सांधेदार काड्या. चिनी वैद्यकाच्या सर्वांत जुन्या निघंटूत, शेननोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात, त्याची नोंद आहे. घाम आणण्यासाठी, खोकल्यादम्यासाठी, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्या औषधींच्या सोबतीने काढा करून, थोडे दिवस. बारीक होण्यासाठी ते घ्यायचं असं कुठल्या चिनी वैद्याने सांगितलं नव्हतं. आपल्या हिमालयातही त्याच्या जाती आहेत, आणि आयुर्वेदिक दुकानात सोमलता नावाने दम्यासाठी मिळते ती हीच. पारशी लोकांच्या धर्मविधीत होम म्हणून ज्या काड्या कुटतात त्याही इफेड्राच्या. वेदातला सोम हाच का, यावर विद्वानांची शंभर वर्षं भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही.

१८८५ साली नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने या काड्यांतून इफेड्रिन वेगळं काढलं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं १९२४ नंतर. पेकिंगच्या मेडिकल कॉलेजात के. के. चेन नावाचा तरुण चिनी संशोधक अमेरिकेत शिकून परत आला होता. कुठली चिनी औषधी तपासावी, असा प्रश्न होता. घरातल्या एका जाणत्या वडीलधाऱ्याने सुचवलं, मा ह्वांग बघ. चेन आणि त्याचा सहकारी कार्ल श्मिट यांनी दाखवून दिलं की याने रक्तदाब वाढतो, हृदयाची गती वाढते, श्वासनलिका मोकळ्या होतात, आणि ॲड्रिनॅलिनसारखं हे टोचावं लागत नाही, पोटातून घेतलं तरी चालतं. दोनेक वर्षांत एलाय लिली कंपनीने इफेड्रिन बाजारात आणलं आणि दमेकऱ्यांना मोठाच आधार मिळाला. त्याला स्वस्त पर्याय शोधता शोधता गॉर्डन अ‍ॅलेस नावाचा केमिस्ट ॲम्फेटामिनपाशी पोचला. ते प्रकरण तर निराळंच. (आपल्याकडे इफेड्रिन या नावाची बातमी झाली ती २०१६ साली, ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका कारखान्यात टनावारी साठा पकडला तेव्हा.)

म्हणजे रक्तदाब आणि हृदयाची गती वाढते, हे १९२४ पासून छापील माहीत होतं. छकुलीच्या हळदीच्या अठ्ठ्याहत्तर वर्षं आधीपासून.

वजनाची भानगड सुरू झाली डेन्मार्कात. १९७२ च्या सुमारास हेल्सिंगोर गावातल्या (हॅम्लेटचा किल्ला तो हाच) एका डॉक्टरच्या लक्षात आलं की इफेड्रिन आणि कॅफीन असलेलं दम्याचं औषध घेणारे रोगी वाळतायत. झालं, तिथून 'एल्सिनोर गोळी' निघाली आणि त्या जोडीचा बोलबाला झाला. आपल्या बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचा. मा ह्वांग आणि ग्वाराना. ग्वाराना हे ब्राझीलकडचं बी, त्यात भरपूर कॅफीन. म्हणजे एल्सिनोर गोळीच, फक्त दोन वनस्पतींचे कपडे घालून आलेली.

आता कपडे का घालावे लागले? कायद्यामुळे. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेतला औषधांचा कायदा दर वेळी माणसं मेल्यावर पुढे सरकलाय. १९३७ साली सल्फानिलामाइडचं गोड, रास्पबेरीच्या चवीचं 'एलिक्सिर' निघालं. त्यात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातलेलं. शंभरावर माणसं दगावली, त्यात किती तरी लहान मुलं. आणि एफडीएला माल जप्त करायला आधार काय मिळाला, तर 'एलिक्सिर म्हणजे अल्कोहोल असायला हवं, यात ते नाही, सबब लेबल खोटं'! विष घातलंय हा गुन्हाच नव्हता. (याच ग्लायकॉलने १९८६ मध्ये आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा जण गेले आणि लेंटिन आयोग बसला, ते आमच्या पिढीला आठवत असेल.) त्यानंतर १९३८ चा कायदा आला: औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित आहे हे दाखवा. थॅलिडोमाइडनंतर १९६२ मध्ये भर पडली: गुण येतो हेही दाखवा.

औषधांची दारं अशी एकेक बंद होत गेली. पण व्हिटॅमिनं आणि वनस्पती? त्यांना औषध म्हणायचं की अन्न? एफडीए मधूनमधून त्यांना कायद्याच्या कक्षेत ओढायचा प्रयत्न करी आणि दर वेळी हात पोळून घेई. १९७६ मध्ये काँग्रेसनेच व्हिटॅमिनांच्या मात्रेवर बंधनं घालायला एफडीएला मनाई केली. १९९० नंतर डेव्हिड केसलर हे आयुक्त असताना पुन्हा नियम कडक करायची भाषा सुरू झाली, तेव्हा उद्योगाने जी मोहीम काढली ती बघण्यासारखी होती. एका जाहिरातीत मेल गिब्सन रात्री घरात आहे, बंदुका घेतलेले सरकारी लोक दार फोडून आत शिरतात, आणि त्याच्या हातात काय, तर व्हिटॅमिन सी ची बाटली. लोकांना वाटलं सरकार आता आपल्या फळीवरच्या बाटल्या उचलून नेणार. काँग्रेसवर पत्रांचा पाऊस पडला. युटाचे सेनेटर ऑरिन हॅच (त्यांच्या राज्यात या धंद्याचे मोठे कारखाने) आणि आयोवाचे टॉम हार्किन (यांना मधमाशीच्या परागकणांनी आपली ॲलर्जी बरी झाल्याची खात्री होती), एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, दोघांनी मिळून विधेयक आणलं. २५ ऑक्टोबर १९९४ ला क्लिंटननी सही केली. डायटरी सप्लिमेंट हेल्थ अँड एज्युकेशन अ‍ॅक्ट.

या कायद्याने तीन गोष्टी केल्या. वनस्पती, त्यांचे अर्क, व्हिटॅमिनं ही सगळी 'पूरक आहार' म्हणजे अन्नाचा प्रकार ठरवली. १५ ऑक्टोबर १९९४ च्या आधी जे घटक बाजारात होते ते आपोआप आत आले, त्यांच्याबद्दल काही दाखवायची गरज नाही. आणि तिसरी, खरी मेख: एखादी वस्तू धोकादायक आहे हे सिद्ध करायचा भार सरकारवर टाकला. विकणाऱ्याने 'सुरक्षित आहे' म्हणून आधी परवानगी घ्यायची नाही. एफडीएने मागून 'लक्षणीय किंवा अवाजवी धोका आहे' हे पटवायचं.

लेबलावर मात्र एक वाक्य छापणं सक्तीचं केलं: या दाव्यांची एफडीएने तपासणी केलेली नाही, हे उत्पादन कुठल्याही रोगाच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. मावशीच्या बाटलीवर ते वाक्य आहे. बारीक अक्षरात, खालच्या चौकटीत. मी इंग्रजी वाचू शकतो, डोळेही तेव्हा चांगले होते.

मला यातला विरोधाभास अजून गिळता येत नाही. तेच इफेड्रिन कारखान्यात बनवून दम्याची गोळी म्हणून विकलं तर ते औषध: मात्रा ठरलेली, रक्तदाब असणाऱ्यांनी घेऊ नये ही सूचना सक्तीची. तेच इफेड्रिन झुडुपातून काढून वजनाची गोळी म्हणून विकलं तर ते अन्न, भोपळ्याच्या भाजीच्या रांगेत. हृदयाला कसं कळणार की रेणू कुठल्या दाराने आला?

आणि 'वनस्पती' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. काढा आणि अर्क यात फरक असतो. सुक्या मा ह्वांगच्या काड्यांत ही द्रव्यं ढोबळमानाने एक-दोन टक्के. अर्क काढून, सुकवून, सहा-आठ टक्क्यांवर आणून तो कॅप्सूलमध्ये भरतात. काढा कडू असतो, माणूस दुसरा पेला घेताना विचार करतो. कॅप्सूलला चव नाही. शिवाय बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत असेल याचीही खात्री नव्हती. २००० साली संशोधकांनी बाजारातली इफेड्राची वीस उत्पादनं तपासली. त्यातल्या निम्म्यांत लेबलावरचा आकडा आणि आतली मात्रा यात वीस टक्क्यांहून जास्त तफावत निघाली. छकुलीने २० मिलिग्रॅम घेतले की २८, कोण सांगणार?

कायदा आल्यावर हा धंदा फोफावला आणि तक्रारीही. धडधड, झटके, पक्षाघात, मृत्यू. १९९६ मध्ये वीस वर्षांचा एक कॉलेजातला मुलगा सुट्टीवर फ्लोरिडाला गेला असताना इफेड्राच्या गोळ्या घेऊन मेला. जून १९९७ मध्ये एफडीएने नियम सुचवला: एका वेळेला ८ मिलिग्रॅमच्या आत, दिवसाला २४ च्या आत, सात दिवसांहून जास्त नाही, आणि कॅफीनची जोडी नको. हा नियम झाला असता तर? न्यू जर्सीच्या दुकानात ती बाटली त्या रूपात मिळालीच नसती.

झाला नाही. १९९९ मध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण खात्याने अहवाल दिला की मात्रेची मर्यादा फक्त तेरा तक्रारींच्या आधारावर काढलीये, पुरावा कच्चा आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरच होतं. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. माणसाने गोळी घेतली आणि त्याला झटका आला, म्हणजे गोळीनेच आला असं होत नाही, हे कुठलाही स्टॅटिस्टिक्सवाला सांगेल. पण मग पुरावा गोळा कुणी करायचा? विकणाऱ्यांवर चाचणीची सक्ती नाही. आलेल्या तक्रारी सरकारला कळवण्याचीही सक्ती नाही. मेटाबोलाइफ ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. तिने एफडीएला सांगितलं होतं की आमच्याकडे गंभीर त्रासाची एकही तक्रार नाही. २००२ मध्ये चौकशीचा फास आवळल्यावर तिने जी कागदपत्रं दिली त्यात तेरा हजारांहून जास्त तक्रारी निघाल्या. तेरा हजार! २००० सालीच एफडीएने आपल्या नियमातला महत्त्वाचा भाग मागे घेतला होता.

ही तारीख बघा. ऑगस्ट २००२ मध्ये ही कागदपत्रं बाहेर आली. मी दुकानात गेलो ऑक्टोबरात.

आता ती दुसरी गोष्ट. १६ फेब्रुवारी २००३. बाल्टिमोर ओरिओल्सचा तेवीस वर्षांचा पिचर स्टीव्ह बेक्लर फ्लोरिडात सरावाच्या वेळी कोसळला. अंगातला ताप १०८ फॅरनहाइटवर गेला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको गरोदर होती. त्याच्या कपाटात इफेड्राच्या गोळ्या सापडल्या. शवचिकित्सा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे सगळं मांडलं: वजन जास्त होतं, रक्तदाबाचा त्रास होता, खाणं कमी केलं होतं, दमट उकाडा होता, आणि इफेड्रा होतं. एकच कारण नाही, पण इफेड्राचा वाटा नक्की.

ती बातमी मी वाचली होती. ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवरही बघितली. क्षणभर बाटल्या आठवल्या. मनात म्हटलं, लग्न होऊन गेलं, आता कशाला घेत असेल. तेव्हा कॉलिंग कार्डावर बोलता यायचं. मी फोन केला नाही. का केला नाही याला काही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, गाडी काढायची होती, राहिलं.

ज्या बातमीने मी सांगलीला फोनसुद्धा केला नाही, तिने अमेरिकेत मात्र चक्रं फिरली. आधीच्या सप्टेंबरात इलिनॉयमधला सोळा वर्षांचा एक फुटबॉल खेळणारा मुलगा गेला होता. त्याच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि मे २००३ मध्ये इलिनॉय हे इफेड्रावर बंदी घालणारं पहिलं राज्य झालं. मग न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया. रँड संस्थेने सरकारसाठी सगळा पुरावा चाळला. निष्कर्ष: महिन्याला सुमारे ०.९ किलो वजन जास्त उतरतं, तेही थोड्या मुदतीच्या प्रयोगांत, पुढे टिकतं का हे कुणी बघितलेलंच नाही. आणि त्या बदल्यात मनाचे, पोटाचे, हृदयाच्या धडधडीचे त्रास दुपटीहून जास्त. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की २००१ साली वनौषधींच्या विक्रीत इफेड्राचा वाटा एक टक्क्याहून कमी, पण विषबाधा केंद्रांकडे नोंदलेल्या वनौषधींच्या त्रासांत ६४ टक्के.

३० डिसेंबर २००३ ला बंदी जाहीर झाली, फेब्रुवारी २००४ मध्ये नियम निघाला, १२ एप्रिलपासून लागू झाला. १९९४ च्या कायद्याखाली बंदी घातलेली ही पहिली वस्तू. चिनी वैद्यांच्या परंपरागत औषधांना ती लागू केली नाही, आणि मला ते योग्य वाटतं. गुन्हा झुडुपाचा नव्हता.

पण प्रकरण इथे संपत नाही. युटातल्या एका कंपनीने कोर्टात धाव घेतली: आमच्या गोळीत फक्त १० मिलिग्रॅम, एवढ्याशा मात्रेत धोका आहे हे तुम्ही कुठे सिद्ध केलंय? आणि तुम्ही फायदा-तोट्याचं गणित मांडता, पण हे तर कायद्याने अन्न. अन्नाने फायदा सिद्ध करायचा असतो का? एप्रिल २००५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. युक्तिवाद वाचला तेव्हा मीही जरा चमकलो, कारण तो तर्काला धरून आहे. वरणभाताचा काय फायदा, असं कोर्ट विचारत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. 'अवाजवी धोका' हा शब्द काँग्रेसने घातलाय, आणि धोका वाजवी की अवाजवी हे बदल्यात काय मिळतं ते बघितल्याशिवाय ठरणार कसं? २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. एका झुडुपावरची बंदी टिकायला पहिल्या प्रस्तावापासून दहा वर्षं गेली. २००६ अखेरच्या कायद्याने एवढं तरी केलं की गंभीर त्रासाची तक्रार आली तर कंपनीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवलीच पाहिजे.

मूळ कायदा मात्र तसाच राहिला. इफेड्रा गेलं, त्या जागी 'इफेड्रा-फ्री' अशा मोठ्या अक्षरांत कडू संत्र्याचा अर्क आला, त्यातलं सायनेफ्रिन इफेड्रिनचं चुलतभावंड. मग आणखी काय काय आलं. त्यातलं एक मात्र वाचून मी खुर्चीतून उठलो. २०१३ साली हवाईमध्ये धडधाकट माणसांची यकृतं अचानक बिघडायला लागली. ऑक्टोबरपर्यंत आरोग्य खात्याकडे २९ रुग्ण, त्यातल्या २४ जणांनी ऑक्सीएलिट प्रो नावाची वजन कमी करायची गोळी घेतलेली. एक मृत्यू, दोघांचं यकृत बदलावं लागलं. त्या गोळीत नव्याने घातलेला घटक होता एजेलिन. एगल मार्मेलॉस या झाडात सापडणारं द्रव्य. एगल मार्मेलॉस म्हणजे आपला बेल! श्रावणी सोमवारी आजी ज्याची त्रिदळं निवडायची, ज्याचा मुरांबा पोट बिघडलं की मिळायचा, तो. अर्थात गोळीतलं एजेलिन बेलाच्या झाडाचं नव्हतंच, ते कारखान्यात बनवलेलं होतं. बेलाचं नुसतं नाव. नव्या घटकाची सूचना एफडीएला द्यायला हवी होती, तीही दिली नव्हती. हवाईतल्या त्या माणसांनीही माझ्यासारखंच बाटलीवरचं वनस्पतीचं नाव वाचून मान डोलावली असेल का, असं मनात येऊन गेलं.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारालच. आपला आयुर्वेदिक औषधांचा कायदा १९६४ च्या दुरुस्तीने १९४० च्या औषध कायद्यातच बसवलाय, म्हणजे निदान 'औषध' म्हणून परवाना लागतो. विषारी द्रव्यांची यादीही आहे. पण ग्रंथोक्त औषधांना सुरक्षिततेचे नवे प्रयोग मागितले जात नाहीत, ग्रंथ हाच पुरावा. दुसरं दार अन्नाचं. २०१६ चे पूरक आहाराचे नियम २०१८ पासून लागू झाले, त्यात वनस्पतींची यादी आणि मात्रा दिल्यात. हे मला अमेरिकेपेक्षा शहाणपणाचं वाटतं, निदान कागदावर. पण एकच वनस्पती एका दाराने औषध म्हणून आणि दुसऱ्या दाराने अन्न म्हणून येऊ शकते, ही गंमत इथेही आहेच. अश्वगंधाच घ्या. मुळी आपण पिढ्यानपिढ्या दुधातून घेत आलो. अलीकडे पानांचेही अर्क निघाले, तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला सांगावं लागलं की पानं वापरू नका, मुळीच वापरा. आणि २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली कुणी? डेन्मार्कने. थायरॉइड आणि इतर संप्रेरकांवर परिणाम होतो या त्यांच्या तज्ज्ञांच्या २०२० च्या अहवालावरून. एल्सिनोर गोळीचा डेन्मार्क. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यावरून 'आपल्या परंपरेवर घाला' छापाचे संदेश फिरले होते, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही. दोन्ही बाजूंनी कुणी मुळी आणि अर्क, मात्रा आणि मुदत यातला फरक विचारला नाही. (काका, रागावू नका. तुम्हीच तो संदेश तीनदा पाठवला होतात.)

हे सगळं आत्ता लिहायला बसलो त्याला कारण आहे. छकुलीची मुलगी पुण्यात हॉस्टेलवर असते. गेल्या महिन्यात तिने एक फोटो पाठवला. गुलाबी डबी, अस्वलाच्या आकाराच्या अश्वगंधाच्या गोळ्या. "मामा, परीक्षेच्या टेन्शनला चांगलं असतं म्हणे, घेऊ का?" मी लिहिलं, मागच्या बाजूचा फोटो पाठव. तिने पाठवला. मुळीचा अर्क, मात्रा लिहिलेली, परवाना क्रमांक अन्नाचा. मग मी विचारलं, तुझ्या आईच्या थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तू स्वतःचं कधी तपासलंयस? नाही म्हणाली. आधी ते तपास, मग डॉक्टरांना डबी दाखव, मग ठरव, असं सांगितलं. "मामा, तू फारच घाबरतोस," असं उत्तर आलं, सोबत दात दाखवणारा चेहरा. पण गेली तपासायला. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी डबीकडे बघून, झोप वेळेवर घे म्हणून सांगितलं. डबी तिने मैत्रिणीला देऊन टाकली. मैत्रिणीला काय सांगून दिली, ते विचारायचं राहिलंय. आज फोन करतो.

सांगलीहून निघताना मी मावशीकडे ती बाटली मागितली. मावशी म्हणाली, "आणि मी ओवा कशात ठेवू?" शेवटी लेबलाचा फोटो तेवढा काढून घेतला.